टेपचा कान

सुरेखाबाईंनी झाकणाचा शेवटचा स्क्रू काढून स्टीलच्या वाटीत टाकला, झाकण उघडलं आणि आधी नाक आत घातलं. ही त्यांची जुनी सवय. जळालेल्या चोकचा वास वेगळा, पाणी शिरलेल्या फिटिंगचा वेगळा, आणि आत पालीनं जीव दिला असेल तर त्याचं नावच नको. या दिव्याला मात्र कॉफीचा वास येत होता.

"घ्या," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "इथले वायरमन कॉफी घेतल्याशिवाय खांबावर चढत नाहीत वाटतं."

उत्तर द्यायला गॅरेजात कोणी नव्हतं. कॅनडातल्या विंडसरच्या या घरात दिवसभर तसं कोणी नसायचंच. मुलगा राजस गाड्यांच्या कारखान्यात मेकॅनिकल इंजिनियर, तो उजाडायच्या आत निघायचा. नात ऊर्मी शाळेत. सून श्रावणी घरी असायची खरी, पण वरच्या खोलीत दार लावून लॅपटॉपसमोर, म्हणजे असून नसल्यासारखीच. मार्च निम्मा संपला तरी बर्फ हलायचं नाव घेत नव्हतं. तेव्हा सुरेखाबाईंचं जग म्हणजे हे गॅरेज. भिंतीला टांगलेलं फावडं, कोपऱ्यात रचलेले टायर, पायाशी छोटा हीटर आणि राजसनं खास त्यांच्यासाठी मांडलेलं लांब टेबल. त्या टेबलावर रोज सकाळी एक जुना दिवा.

दिवे प्रताप द्यायचा. मराठी मंडळातला हा गृहस्थ दिव्यांच्या ठेकेदाराकडे कामाला होता. कारखान्यांच्या आवारातले सोडियमचे पिवळे दिवे उतरवून पांढरे एलईडी चढवायचं काम चाललं होतं, आणि उतरवलेला एखादा दिवा भंगारात जायच्या आधी तो राजसच्या गाडीत टाकायचा. सुरेखाबाई तो उघडायच्या, बिघाड शोधायच्या, पेटवून बघायच्या आणि बंद करून ठेवायच्या. सकाळी टेबलावर दुसरा असायचा. सांगलीच्या महापालिकेत त्यांची सगळी नोकरी दिवाबत्ती विभागात गेली होती. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. चोकचं वजन हातात आलं की त्यांना अजून बरं वाटायचं.

आज मात्र बरं वाटत नव्हतं. आज त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. टेबलाखाली, टायरांच्या आड, भरलेली बॅग होती. संध्याकाळी राजस आला की सरळ सांगायचं, शनिवारचं तिकीट काढ. तू काढणार नसशील तर प्रताप मला टोरोंटोच्या विमानतळावर सोडेल, पुढचं माझं मी बघीन. सहा महिन्यांसाठी म्हणून आले आणि तिसरा हिवाळा चाललाय. सांगलीला माझं घर कुलपात पडलंय. मला माझ्या घरी जायचंय. हा विषय काढला की राजसचं एकच उत्तर, थंडी संपू दे गं, मग बघू. जसं काही थंडी सांगलीत पडली होती.

त्यांनी चष्मा नाकावर ढकलला आणि चोकच्या तारा बघितल्या. इथल्या कारखान्यांत खांबावर तीनशे सत्तेचाळीस व्होल्ट आणि घरात एकशेवीस. चोकला दोन्हीच्या तारा असतात, पण घरात दिवा पेटवायचा तर आधी तार बदलून घ्यावी लागते. हे ज्ञान त्यांनी इथे येऊन मिळवलेलं, त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. या दिव्याची तार आधीच एकशेवीसवर होती.

"चला, एक काम वाचलं."

आणि मग त्यांना तो जोड दिसला. निळ्या टेपनं गुंडाळलेला, आणि टेपच्या टोकाला कान.

कान म्हणजे काय, ते सांगलीच्या कुठल्याही वायरमनला विचारावं. जोडावर टेप गुंडाळली की शेवटचं टोक तसंच चिकटवून टाकायचं नाही. ते नखभर आतल्या बाजूला दुमडायचं, म्हणजे तेवढं मोकळं राहतं. पुढे कधी कोणी तो जोड उघडायला आला तर त्याला टोक नखानं खरवडत बसावं लागत नाही, कान धरून ओढला की टेप सुटते. शिडीवर, पावसात, एक हात खांबाला आणि दुसऱ्या हातानं काम, अशा वेळी तो कान म्हणजे देवासारखा. हा सुरेखाबाईंचा नियम होता. पुढच्या माणसाचा विचार करा, त्या म्हणायच्या. वायरमन मागे हसायचे, 'बाईंनी आज माझे कान तपासले' असं एकमेकांना सांगायचे, पण कान ठेवायचे. बिनकानाचा जोड दिसला तर बाई माणसाला पुन्हा शिडीवर चढवायच्या.

त्यामुळे सातासमुद्रापार एका अनोळखी दिव्यात कान दिसला तेव्हा त्यांना खरंच आनंद झाला. पण नीट बघितल्यावर हसू आलं. कान चांगला दोन बोटं रुंद होता.

"अरे, हा टेपचा कान आहे का हत्तीचा?"

त्यांनी तो धरून ओढला. टेप जुनीच, सोडवून परत गुंडाळल्यानं चिकटपणा गेलेली, तिला कॉफीचे कण लागलेले. त्यांनी ती टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवली. आतल्या दोन तारा एकमेकींना नुसत्या टेकवल्यासारख्या होत्या आणि त्यांना दिलेला पीळही उलटा होता. उजव्या हाताचा माणूस असा पीळ देत नाही.

"डावखुरा दिसतोय. आणि कामातही कच्चा आहे."

राजसही डावखुरा. लहानपणी त्याच्या वडिलांनी जेवताना त्याचा डावा हात पंच्यानं पाठीशी बांधायचा प्रकार सुरू केला होता. चार दिवस सुरेखाबाईंनी बघून घेतलं आणि पाचव्या दिवशी पंच्याची गाठ सोडून पंचा चुलीत घातला. तो बिचारा शेवटी जेवायला तेवढा उजव्या हातानं शिकला, बाकी सगळं डाव्यानं. घरातल्या पंच्याचं काय झालं ते यजमानांनी कधी विचारलं नाही.

तारा सुलट पिळून त्यांनी जोड केला आणि टेप घ्यायला हात लांब केला तर रोल संपत आलेला. श्रावणीनं परवाच आणला होता, आतला पुठ्ठा दिसायला लागला सुद्धा. इथे सगळ्याच वस्तूंमध्ये माप मारतात, असं मनात म्हणत त्या उठल्या. तेवढ्यात हवा खाऊन यावं म्हणून त्यांनी गॅरेजचं बाजूचं दार उघडलं.

घरात कुठेतरी टिंग झालं. पुढच्याच क्षणी दाराच्या चौकटीवरचा कॅमेरा राजसच्या आवाजात बोलला.

"आई? काय गं, कुठे निघालीस?"

"कुठे निघणार? दारात उभी आहे."

"बूट घातलेस का? जॅकेट?"

सुरेखाबाईंनी पायांकडे बघितलं. जाड मोज्यांवर घरातल्या चपला होत्या. डाव्या पायाची दोन बोटं अजून हुळहुळी होती, नवे बूट चावल्यामुळे.

"हवा खायला बूट कशाला लागतात?"

"आई, प्लीज. मी मीटिंगमधून बाहेर आलोय. आत जा ना. श्रावणीला सांगू का तुझ्यासोबत यायला?"

"नको. तिची पण मीटिंग असेल."

"जानेवारीत काय झालं होतं, आठवतंय ना?"

एकदा अंगणात घसरल्या होत्या, त्याचं हा किती दिवस पुराण लावणार होता कोण जाणे. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली आणि दार आपटलं. पुढच्या दाराला नंबर दाबायचं कुलूप, तो नंबर राजस-श्रावणीनं बदललेला आणि त्यांना सांगितलेला नाही. मागच्या दाराला घंटी, बाजूच्या दाराला डोळा. डॉक्टरकडे नेलं तर तिथे एका पोरगेल्या बाईनं कागद पुढे करून घड्याळाचं चित्र काढायला लावलं, जशा काही त्या बालवाडीत होत्या. रागानं त्यांनी काटे कुठल्या कुठे काढले. तुरुंगात निदान किती वर्षं ते तरी सांगतात. आपल्या पोटच्या पोरानं आपल्याला असं कोंडावं याचं त्यांना फार वाईट वाटलं.

त्यांनी टेबलावरचा फोन उचलला आणि प्रतापला लावला.

"प्रताप, सुरेखाकाकू बोलतेय. दिवा मिळाला हो."

"दिवा? हां हां. मिळाला का? छान छान."

"कुठल्या आवारातला हा?"

"हा... हा वॉकर रोडकडचा, काकू."

"आणि कालचा?"

"कालचा पण तिकडचाच."

बोलताना तो अडखळत होता. खांबावर असेल, असं त्यांना वाटलं.

"ते राहू दे. तुझ्याकडे एक काम आहे. शनिवारी मला टोरोंटोच्या विमानतळावर सोडशील?"

पलीकडून वाऱ्यातून प्रतापचा आवाज आला.

"काकू, मी राजसशी बोलतो ना."

"राजसशी कशाला? मी तुला विचारतेय."

"हो, म्हणजे, रस्ते बघायला लागतील. स्नो सांगितलाय. मी करतो फोन तुम्हाला."

तो काही फोन करणार नव्हता, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सगळे एकाच माळेचे मणी. सुरेखाबाई खुर्चीत बसल्या आणि काही वेळ नुसत्या त्या उघड्या दिव्याकडे बघत राहिल्या.

श्रावणी चहा घेऊन आली. कप टेबलावर ठेवताना तिची नजर आधी बाजूच्या दाराकडे गेली, मग सासूच्या पायांकडे.

"आई, टीव्हीचा रिमोट बघितलात का कुठे? दोन दिवस शोधतेय."

"मी टीव्ही बघते का कधी?"

"नाही, सहज विचारलं." ती टेबलाशी थांबली. "झाला का हा दिवा?"

"होईल. कुणी डावखुऱ्या धांदरटानं जोडलाय."

मोकळा चहाचा ट्रे छातीशी धरून ती आत गेली.

चहा संपवून सुरेखाबाईंनी दिवा पेटवायची तयारी केली. या दिव्याच्या माथ्यावर एक वाटोळा डोळा असतो. उजेड दिसला की तो दिवा बंद ठेवतो, अंधार झाला की चालू करतो. दिवसा पेटवायचा तर त्याला फसवायला लागतं. ऊर्मीची लोकरीची लाल टोपी त्यासाठी खिळ्याला अडकवलेलीच असायची. त्यांनी ती डोळ्यावर चढवली आणि प्लग लावला.

काही झालं नाही. साधी चटचटही नाही. चोक गुणगुणत होता, म्हणजे वीज पोचत होती, पण दिव्याला सुरुवातीचा झटका देणारा इग्निटर गप्प होता. सुरेखाबाई एकदम ताठ झाल्या. सापडलं एकदाचं काहीतरी. नुसता सुटलेला जोड हा काय बिघाड झाला? त्यांनी प्लग काढला आणि चोकची पट्टी धरून ठेवणारे स्क्रू सोडवायला घेतले. इग्निटर त्या पट्टीच्या मागे असतो.

पट्टी वर उचलली तसा हातातच तारेचा तुकडा आला. इग्निटरची तार मुळाशी तुटली होती.

त्यांनी तुकडा उजेडात धरला. चष्मा काढून डोळ्याजवळ नेला. खांबावरचा दिवा वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. तार म्हातारी होते, वरचं कव्हर तडकतं, तांबं काळं पडतं. हे तांबं चकचकीत होतं. तार जळली नव्हती, गंजली नव्हती. ती वाकून वाकून मोडली होती. पट्टी वर उचलली की वाकणार, खाली बसवली की सरळ होणार, आणि असं पुष्कळ वेळा झालं की एक दिवस मोडणार. भंगारातून कालच आलेल्या दिव्याची पट्टी इतक्या वेळा उचलली कोणी?

पट्टीच्या मागे आणखी जोड होते. सगळे निळ्या टेपचे. प्रत्येकाला कान. हत्तीचे नव्हेत, नखभर, नेमके दुमडलेले, सगळे एकाच बाजूला वळवलेले, खालून हात घालणाऱ्या माणसाच्या अंगठ्याला बरोबर सापडतील असे.

आपल्या हातची पोळी माणसाला ताटात ओळखू येते. सुरेखाबाईंनी टेबलावरचा टेपचा रोल उचलून एका कानाशेजारी धरला. तोच निळा. मग त्यांनी अंगठ्याचं नख कानावर ठेवून बघितलं. कान नखाएवढाच होता.

हीटर घरघरत होता. त्या खुर्चीत हळूच बसल्या.

दिवे पुष्कळ नव्हते. दिवा एकच होता.

एक एक गोष्ट मग आपोआप जागेवर येऊन बसली आणि त्यांना ती थांबवता आली नाही. एकशेवीसची तार त्यांनीच लावली होती. रोल परवाचा नव्हता. कॉफी वायरमनची नव्हती, ती स्वयंपाकघरातल्या मशीनमधली होती. सकाळी उरलेला गाळ कोणीतरी झाकणावर चोळत होतं, दिवा दुसराच आणि मळका दिसावा म्हणून. आणि रोज रात्री त्या झोपल्या की कोणीतरी इथे येऊन समोरच दिसणारा एक जोड सोडवत होतं, तारा डाव्या हातानं जेमतेम टेकवत होतं, तीच टेप परत गुंडाळत होतं. ज्याला विजेतलं काही कळत नाही असं कोणीतरी. कळत नाही म्हणून रोज तोच जोड.

त्यांनी डाव्या पायातली चप्पल आणि मोजा काढला. दोन बोटांची टोकं काळपट होती, वरची कातडी सोलून खाली नवी गुलाबी आलेली. बुटानं असं होत नाही, बर्फात बोटं गोठली की होतं, हे समजायला डॉक्टर लागत नव्हता. जानेवारीत त्या कुठे गेल्या होत्या? त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. अंगण आठवलं, घसरणं आठवलं. पण घसरणं जानेवारीतलं होतं की सांगलीच्या बाथरूममधलं, ते काही केल्या ठरेना.

त्यांना भीती वाटली. अशी भीती त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती, अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली उभं राहूनही. दाराला कुलूप होतं ते बरं होतं आणि कुलूप दारालाच होतं असंही नव्हतं. या घरातून शनिवारी निघून सांगलीला पोचलं तरी जे बंद होत चाललं होतं ते बंदच होणार होतं.

बॅग. त्यांनी टायर बाजूला सारून ती ओढून काढली आणि चेन उघडली. दोन साड्या नीट घड्या घातलेल्या. सांगलीच्या घराची किल्ली. ऊर्मीचा एकच हातमोजा. स्वयंपाकघरातला एक झारा. आणि अगदी तळाशी, रुमालात गुंडाळलेला, टीव्हीचा रिमोट.

मग राजसचा राग आला. फसवतोस मला? लहान पोराला खुळखुळा द्यावा तसा दिवा देतोस? पण राग काही टिकेना. दिवसभर कारखान्यात उभा राहिलेला, दमलेला मुलगा रात्री या थंड गॅरेजात खाली मान घालून, ज्या वस्तूचं त्याला लहानपणापासून भय, त्या विजेच्या दिव्याशी खटपट करतोय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. परवा, का काल, का कधीतरी जेवताना त्याच्या अंगठ्याला पट्टी होती. प्लँटवर लागलं म्हणाला होता. झाकणाच्या पत्र्याची कड सुरीसारखी होती.

सुरेखाबाईंनी नाक पुसलं. मग तुटलेली तार साफ केली, नवा तुकडा जोडला, टेप गुंडाळली, नखभर कान ठेवला. पट्टी बसवली. टोपी सारखी केली आणि प्लग लावला. आत टकटक झालं, नळीत आधी फिकट गुलाबी उजेड आला, मग तो पिवळा व्हायला लागला. हा दिवा घाई करत नाही. हळूहळू टेबल पिवळं झालं, भिंत झाली, टायर झाले, त्यांचे हात झाले. ऊर्मीची लाल टोपी मातीसारखी दिसायला लागली. या उजेडात रंग कळत नाहीत, पण माणूस कळतो, असं त्या नव्या वायरमनना सांगायच्या.

राजसची गाडी ड्राइव्हवेवर आली तेव्हा दिवा पूर्ण पेटलेला होता. तो बूट न काढता थेट गॅरेजात आला. दारातच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की प्रतापचा फोन आला होता आणि तो रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत आला होता.

"सापडला फॉल्ट?" त्यानं विचारलं.

"सापडला."

"अवघड होता?"

"एक होता सोपा. एक होता अवघड."

तो जवळ आला. दिव्याकडे बघत राहिला, आईकडे नाही. चाळिशीच्या आतच त्याच्या कानशिलावर केस पिकलेत, हे पिवळ्या उजेडातही दिसत होतं.

"आई, प्रताप म्हणाला, तू शनिवारी..."

दिवसभर तयार ठेवलेलं वाक्य सुरेखाबाईंच्या जिभेवर होतं. तिकीट काढ. मला माझ्या घरी जायचंय. जायचं तर अजूनही होतंच, मघापेक्षा जास्त होतं.

"थंडी संपू दे," त्या म्हणाल्या. "मग बघू."

राजसनं श्वास सोडला. तो हसला नाही, पण त्याचे खांदे खाली आले.

"अंगठा बघू."

"काही नाही गं. प्लँटवर जरा..."

"बघू म्हटलं ना." त्यांनी त्याचा डावा हात ओढून उजेडात धरला. पट्टी नवी होती. "पत्रा लागलाय. आमच्या वायरमनना मी सांगायचे, पातळ पत्र्याचं झाकण कधी बोटांनी उचलायचं नाही. खालून तळवा लावायचा आणि वर ढकलायचं. म्हणजे कापत नाही."

राजसनं हात काढून घेतला नाही.

"हं," तो म्हणाला.

"आणि चालू विजेत हात घालायचा नाही. आधी प्लग काढायचा. कितीही घाई असली तरी."

"हो."

"उद्या प्रताप दुसरा आणणार आहे ना दिवा?"

दिव्यातला चोक गुणगुणत होता.

"हो. म्हणाला आणतो एक."

"बरं झालं. जा, हात धू. आणि श्रावणीला सांग, रिमोट सापडला."

तो दारापर्यंत गेला, वळला, काहीतरी बोलणार होता, पण आतून ऊर्मीनं 'बाबा, dinner!' अशी हाक मारली आणि तो गेला.

सुरेखाबाईंनी प्लग काढला. उजेड गेला. फिटिंग निवेपर्यंत त्या थांबल्या. दुपारी पिळलेला समोरचा जोड अजून टेपशिवाय उघडाच होता. त्यांनी उरलेली टेप त्याच्यावर गुंडाळली आणि टोक दुमडायला घेतलं. नखभर दुमडलं, थांबल्या, परत उलगडलं. अंगठ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला नखभर कान पकडता येणार नाही, तोही अशा माणसाला ज्यानं आयुष्यात कधी टेप सोडवली नाही. त्यांनी तो चांगला मोठा ठेवला. दोन बोटं मोजून.

मग टेबलाच्या कडेला दुपारी चिकटवलेली ती जुनी टेप त्यांना दिसली. त्यांनी ती सोडवली आणि नव्या कानाशेजारी धरली. दोन्ही एकाच मापाचे होते.

म्हणजे हेही झालेलं होतं. या खुर्चीत बसून हे सगळं त्यांना याआधी कळलं होतं, कितीदा ते टेपला माहीत, आणि दरवेळी त्यांनी हेच केलं होतं. उद्या सकाळी हा कान बघून पुन्हा हसू येणार होतं.

जुनी टेप चुरगळून त्यांनी डब्यात टाकली. दिव्याला झाकण लावलं, खालून तळवा देऊन. टोपी खिळ्याला अडकवली, रिमोट घेतला आणि त्या जेवायला आत गेल्या.